कांचेच्या हंडींतला आजारी मासा

घरांतलें मांजर आजारी पडलें तर तें कोपऱ्यांत जाऊन निजतें, कुत्रा अन्न टाकतो, पोपट पिसें फुलवून बसतो, आणि त्यांचें दुःख घरच्या माणसांस थोडेंबहुत तरी कळतें. मासा मात्र ओरडत नाहीं, कण्हत नाहीं, आणि त्याच्या डोळ्यांस पापण्याच नसल्यामुळें डोळे मिटून पडतही नाहीं. काल फिरत होता, आज तळाशीं बसून आहे. काल अधाशासारखा खात होता, आज तोंडांत घेतलेला दाणा टाकून देतो. एवढ्याच काय त्या खुणा. त्यांवरून त्यास काय होत आहे हें ओळखावयाचें कसें, हा आजचा विषय आहे.

श्रोतेहो, ज्यांच्या घरीं मासा नाहीं त्यांना हा विषय पोरखेळाचा वाटेल. परंतु गिरगांवच्या किंवा लालबागच्या चाळींतल्या एखाद्या बिऱ्हाडांत वाढदिवसाला आणलेला सोनेरी मासा तिसऱ्या आठवड्यांत उताणा तरंगतो, आणि सात वर्षांच्या मुलास "हे मासे जगतच नसतात" असें सांगून गप्प करण्यांत येतें, तेव्हां त्या मुलास एक खोटी गोष्ट शिकविली जाते. घरांत आजीबाई असल्या तर त्या म्हणतात, घरावर आलेलें संकट माशानें आपल्या अंगावर घेतलें. ही समजूत मनाला गोड वाटते हें खरें. पण तिच्यामुळें पुढची चौकशीच थांबते आणि दुसऱ्या रविवारीं दुसरा मासा त्याच हंडींत मरावयास येतो. वस्तुतः सोनेरी मासा जगतो, नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षें सहज जगतो. इंग्लंडांत यॉर्कशायर परगण्यांतील थर्स्क गांवाजवळ एका घरांत पाळलेला मासा १९९९ सालीं मेला, तेव्हां त्याचें वय ४३ वर्षांचें होतें. तेव्हां तीन आठवड्यांत मेलेला मासा म्हातारपणानें मेला नाहीं, आणि नशिबानेंही मेला नाहीं. त्यास कारण असतें आणि तें बहुधा शोधतां येतें.

हा मासा मुळांत चीन देशाचा, आणि आपल्या रोहू-कटल्याच्याच मोठ्या कुळांतला. मूळ रंग करडा-हिरवट. त्यांत क्वचित् निपजणारे तांबूस-पिवळे मासे चिनी लोकांनीं सुंग घराण्याच्या राजवटींत, म्हणजे सुमारें हजार वर्षांपूर्वीं, तळ्यांतून वेगळे काढून वाढविले. त्यांच्यापासून पुढें दुहेरी शेपटीचे, फुगीर पोटाचे, डोक्यावर तुरा असलेले असे नाना प्रकार निघाले. तेथून ते जपानांत गेले आणि सतराव्या शतकांत युरोपांत पोहोंचले. दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. हा तळ्यांतला मासा आहे, बरणींतला नव्हे. साधा मासा पुरता वाढला म्हणजे वीतभर किंवा त्याहूनही लांब होतो. आणि त्याचा पिंड समशीतोष्ण पाण्याचा आहे. २० अंशांच्या आसपासचें पाणी त्यास मानवतें. मुंबईच्या घरांत तो येतो तेव्हां पाणी थोडें आणि ऊन, अशीं दोन संकटें त्याच्यावर एकदम कोसळतात.

मासा सुस्त दिसला कीं पुष्कळ लोक दुकानाकडे धांवतात आणि निळ्या नाहींतर पिवळ्या औषधाची कुपी घेऊन येतात. माझ्या मतें ही उलटी रीत आहे. वैद्य रोग्याची नाडी पाहतो. माशाच्या बाबतींत आधीं पाण्याची नाडी पाहावयाची. आपण हवेंत राहतों, अन्न एकीकडे शिजवितों, मोरी दुसरीकडे ठेवतों. माशाचें स्वयंपाकघर, निजण्याची खोली आणि मोरी हीं सर्व एकाच पाण्यांत असतात आणि तेंच पाणी तो श्वासासाठीं कल्ल्यांतून क्षणोक्षणीं खेळवितो. मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं उघडलेलें तारापोरवाला मत्स्यालय मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांनीं पाहिलें आहे. तेथील कांचेपुढें नाक लावून उभ्या राहिलेल्या मुलांस मासे दिसले. परंतु अशा मत्स्यालयाच्या भिंतीमागें पाणी गाळण्याची आणि खेळविण्याची जी यंत्रणा रात्रंदिवस चालवावी लागते, ती त्यांना दिसली नाहीं. घरीं आपण समोरची कांच तेवढी उचलून आणतों आणि भिंतीमागची गोष्ट विसरतों.

आतां थोडा हिशेब करूं. बाजारांत मिळणाऱ्या गोल हंडींत पाणी मावतें पांच-सहा लिटर. तींत दोन इंच लांबीचा मासा सोडला, आणि त्यास दिवसाकाठीं एक दशांश ग्रॅम, म्हणजे चिमटीहूनही कमी, कोरडें खाद्य घातलें असें धरूं. या खाद्यांत शेंकडा ३५ ते ४० भाग प्रथिनें असतात आणि प्रथिनांत शेंकडा १६ भाग नत्र असतें. माशाच्या अंगीं लागून उरलेलें नत्र अमोनियाच्या रूपानें, मुख्यतः कल्ल्यांच्या वाटे, बाहेर पडतें. असा अमोनिया रोज सुमारें तीन ते चार मिलिग्राम होतो. पांच लिटरांत तो वांटला म्हणजे दर लिटरास रोज अर्ध्याहून अधिक मिलिग्रामची भर पडली. आठवडा संपतांना दर लिटरांत चार-पांच मिलिग्राम सांचला. तोच मासा पन्नास लिटरांच्या टांकींत असता तर हा आंकडा एक दशांशावर राहिला असता. पाणी दिसावयास मात्र दोन्हीकडे सारखेंच निर्मळ! अमोनियास एवढ्या प्रमाणांत रंग नाहीं, आणि वास आपल्या नाकास कळण्यापूर्वींच माशाचे कल्ले पोळलेले असतात. "पाणी तर अगदीं स्वच्छ होतें" असें जें आपण ऐकतों, त्याचा अर्थ एवढाच कीं तें पारदर्शक होतें.

निसर्गांत हें विष सांचत नाहीं, कारण त्यावर जगणारे जंतु आहेत. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास दाखवून दिलें कीं एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट बनवितात आणि दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचें नायट्रेट. नायट्रेट हें पुष्कळ सौम्य. थोडें थोडें पाणी बदलून तें काढून टाकतां येतें. हे उपयोगी जंतु पाण्यांत तरंगत राहत नाहींत. ते खडींवर, कांचेवर, फिल्टरच्या स्पंजावर बुळबुळीत थर करून वसती करतात. नव्या हंडींत ते जवळजवळ नसतातच, आणि त्यांची वसती पुरती होण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या हंडींतला मासा पहिले तीन-चार दिवस मजेंत असतो, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यांत पर अंगाशीं चिकटवून तळाशीं बसूं लागतो, त्याचे कल्ले लाल दिसतात, शेपटीवर रक्ताच्या बारीक रेघा उमटतात. हें अमोनियाचें काम. तें निभावलें तर पुढें नायट्राइटची पाळी येते. नायट्राइट रक्तांत शिरून रक्तांतील प्राणवायु वाहणारें द्रव्य निकामी करतें. कल्ले तांबडे न राहतां तपकिरी होतात, आणि हवेचे बुडबुडे जोरांत चालू असूनही मासा गुदमरल्यासारखा वर येऊन तोंड उघडमीट करतो. ही शेवटची खूण फार उपयोगाची आहे, कारण केवळ हवा कमी असती तर पंप लावतांच त्यास आराम पडला असता.

नायट्राइटवर घरांतलाच एक उतारा आहे, तो म्हणजे मीठ. दर लिटरास एक ग्रॅम या प्रमाणांत साधें मीठ विरघळवून घातलें तर मिठांतलें क्लोराइड कल्ल्यांच्या दारांत गर्दी करतें आणि नायट्राइटला आंत शिरूं देत नाहीं. यांत विष नाहींसें होत नाहीं, तें अडून राहतें. पाणी बदलण्याचें काम तसेंच उरतें.

मोठ्या प्रमाणांत हीच गोष्ट पाहावयाची असेल तर गिरगांवापासून फार दूर जावयास नको. वाळकेश्वरच्या बाणगंगेच्या तलावांत पितृपक्षाच्या अखेरीस पिंड, पीठ, भात, फुलें सोडतात, आणि त्यापाठोपाठ तलावांतले मासे मरून तरंगल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत वर्तमानपत्रांतून अनेकदां आल्या आहेत. कोणी तेथें विष कालविलेलें नसतें. श्रद्धेनें वाहिलेलें अन्नच पाण्यांत कुजतें, कुजवणारे जंतु पाण्यांतला प्राणवायु ओढून घेतात, आणि माशांस श्वास पुरत नाहीं. हंडींत मूठभर खाद्य टाकून "खाईल सावकाश" म्हणणारा मनुष्य घरबसल्या तेंच करीत असतो. सोनेरी माशास जठर नसतें. त्याचें अन्न सरळ आंतड्यांत जातें, म्हणून तो सदा भुकेला दिसतो आणि घालाल तेवढें खात राहतो. त्याच्या भुकेवर विश्वास ठेवूं नये. दोन मिनिटांत संपेल एवढेंच घालावें आणि आजारी दिसला तर दोन-तीन दिवस कांहींच घालूं नये. निरोगी मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी मरत नाहीं. याउलट, गांवीं जातांना शेजाऱ्यांच्या मुलावर खाद्याची कामगिरी सोंपवून गेलेल्यांना परत आल्यावर काय पाहावें लागतें तें सांगावयास नको.

आतां दुसऱ्या टोकाचे लोक घ्या. यांना घाण मुळींच खपत नाहीं. दर रविवारीं हे हंडी रिकामी करतात, खडी उकळत्या पाण्यानें नाहींतर साबणानें धुतात, कांच लख्ख करतात, आणि नळाखालीं हंडी भरून मासा पुनः आंत सोडतात. सोमवारीं मासा सुस्त. यांत तीन अपघात एकदम झालेले असतात. उकळत्या पाण्यानें उपकारक जंतूंची वसती समूळ गेली, म्हणजे हंडी पुनः पहिल्या दिवशींच्या अवस्थेस आली. पाण्याची उष्णता एका क्षणांत चार-पांच अंशांनीं बदलली. आणि तिसरी गोष्ट नळाची.

मुंबईचें पाणी विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा इत्यादि सरोवरांतून येतें, भांडुप आणि पांजरापूर येथें शुद्ध होतें, आणि त्यांत क्लोरीन घातलेलें असतें. तें घातलें नसतें तर आपल्यापैकीं कितीजण हें भाषण ऐकावयास उरले असते कोण जाणे. त्याबद्दल तक्रार नाहीं. परंतु माणसाच्या पोटास जें क्लोरीन सोसतें तें माशाच्या कल्ल्यांस सोसत नाहीं, कारण तेथें रक्त आणि पाणी यांच्यामध्यें अगदीं पातळ पडदा असतो. नळास पाणी ठराविक वेळींच येतें, तेव्हां तें आलें कीं सरळ नळाखालीं हंडी धरण्याचा मोह होतो. तसें करूं नये. बादली किंवा पिंप भरून, वर डांस जाऊं नयेत म्हणून फडकें बांधून, चोवीस तास उघड्या हवेंत राहूं द्यावें. म्हणजे क्लोरीन उडून जातें, आणि पाणी घरांतल्या हंडीच्या उष्णतेवरही येतें. तांतडीच असेल तर छायाचित्रकारांचा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, तुरीच्या दाण्याएवढा खडा एका बादलीस पुरतो. त्यानें क्लोरीन तत्काळ नाहींसें होतें. दुकानांत क्लोरीन घालविण्याचे म्हणून जे थेंब मिळतात त्यांपैकीं पुष्कळांत हेंच द्रव्य असतें.

डांसांचा उल्लेख आलाच आहे तर एक आडवाट घेतों. लालबाग-परळच्या चाळींतून डांसांसाठीं धुराची फवारणी होते, रात्रीं कोपऱ्यांत अगरबत्तीसारखी वेटोळी जळते किंवा विजेवरची कुपी चालू असते, आणि वर्षांतून एकदां झुरळांचें औषध मारतात. यांतलीं बहुतेक औषधें पायरेथ्रॉइड जातीचीं असतात. माणसांस व कुत्र्यांस तीं फारशीं बाधत नाहींत, पण माशांस अत्यंत विषारी. त्यांतून हवेचा पंप खोलींतलीच हवा ओढून पाण्यांत सोडतो, म्हणजे औषध शोधून शोधून माशाच्या तोंडापाशीं पोहोंचवितो! मासा कालपर्यंत ठणठणीत होता आणि आज अकस्मात् गिरक्या घेऊं लागला, अंग झटकूं लागला, तर प्रथम हें विचारावें कीं काल घरांत, शेजारीं किंवा जिन्यांत कोणी कांहीं फवारलें काय? फवारणीच्या वेळीं पंप थोडा वेळ बंद ठेवून हंडीवर ओलें फडकें घालणें एवढा उपाय पुरतो.

ज्यांचा मासा वर्ष-दोन वर्षें जगला आहे त्यांच्याकडून एक तक्रार नेहमीं येते, आणि ती वरवर पाहतां कोड्यासारखी आहे. "इतके महिने पाणी नुसतें भर घालून ठेवलें तरी मासा बरा होता, परवां सगळें पाणी बदलून स्वच्छ केलें, आणि तो आडवा पडला. मग घाणच बरी म्हणावयाची काय?" याचें उत्तर मुंबईच्या पाण्यांतच आहे. पावसाच्या पाण्यानें भरणाऱ्या सरोवरांचें पाणी मृदु असतें, म्हणजे त्यांत आम्लता थोपवून धरणारे क्षार थोडे. जंतु अमोनियाचें नायट्रेट करतात तेव्हां आम्ल तयार होतें. महिनोन्‌महिने तें सांचलें कीं पाणी आंबट होत जातें. आतां अमोनिया पाण्यांत दोन रूपांत राहतो, एक विषारी आणि एक जवळजवळ निरुपद्रवी, आणि कोणतें रूप किती हें पाण्याच्या आम्लतेवर ठरतें. २८ अंश उष्णतेच्या पाण्याचा पीएच ७ असेल तर हजारांतले सात भागच विषारी रूपांत असतात. पीएच ८ झाला कीं तेच सुमारें पासष्ट होतात. जुन्या, आंबट झालेल्या पाण्यांत जंतूंचें काम मंदावतें आणि अमोनिया पुष्कळ सांचतो, पण तो निरुपद्रवी रूपांत झोंपलेला असतो. त्यांत एकदम अर्ध्याहून अधिक ताजें पाणी ओतलें, पीएच वर चढला, कीं तो जागा होतो. म्हणजे माशास मारणारें विष जुनेंच होतें; त्याची दारें उघडण्याचें काम तेवढें नव्या पाण्यानें केलें. अशा हंडीचें पाणी बदलावयाचें तें रोज दहावा हिस्सा, असें आठ-दहा दिवस. जी टांकी प्रथमपासून आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलून राखली आहे तिच्यावर हा प्रसंग येत नाहीं. ज्या इमारतींतून टँकरचें किंवा कूपनलिकेचें पाणी मिसळलें जातें तेथें हें गणित आणखी निराळें. तेथलें पाणी कठीण, समुद्रकांठीं कधीं खारटही. आणि तें एका दिवशीं येतें, एका दिवशीं येत नाहीं. माशास कठीण पाणी सोसतें, मृदु पाणीही सोसतें. रोजची अदलाबदल सोसत नाहीं.

उष्णतेची गोष्ट थोडक्यांत सांगतां येईल. २० अंशांच्या पाण्यांत प्राणवायु दर लिटरास सुमारें नऊ मिलिग्राम मावतो, ३० अंशांच्या पाण्यांत साडेसात. तिकडे पाणी तापलें कीं माशाची प्राणवायूची गरज वाढते, जवळजवळ दुप्पट होते. मे महिना आणि ऑक्टोबर हे म्हणूनच वाईट. सकाळीं उजाडतां उजाडतां मासा पृष्ठभागाशीं तोंड लावून असेल आणि दुपारपर्यंत सुधारत असेल तर रात्रीं हवा अपुरी पडते असें समजावें. पाणवनस्पति दिवसा प्राणवायु देतात, पण रात्रीं त्याही घेतच असतात. गोल हंडी गळ्यापर्यंत भरली म्हणजे वरचा हवेला लागणारा पृष्ठभाग अगदीं लहान होतो. दोन बोटें कमी भरली तर तोच पुष्कळ रुंदावतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईची वीज सकाळींच गेली आणि कांहीं भागांत तासन्‌तास आली नाहीं. अशा वेळीं घाबरण्याचें कारण नाहीं. पेल्यानें पाणी वर उचलून वीतभर उंचीवरून पुनः हंडींत सोडावें. दर पंधरा-वीस मिनिटांनीं असें केलें तरी निभावतें. सोनेरी माशाची जात तशी चिवट आहे. प्राणवायु अगदीं संपला तर त्याचें शरीर कांहीं काळ त्याच्यावांचून चालतें आणि त्या वेळीं मद्यार्क तयार करून तो कल्ल्यांवाटे बाहेर टाकतें. पण ही युक्ति थंड पाण्यांत उपयोगी पडते. आपल्या उकाड्यांत तिच्यावर भिस्त ठेवूं नये.

पाण्याची चौकशी झाली, त्यांत दोष सांपडला नाहीं, तरच माशाच्या अंगाकडे वळावें. अंगावर आणि परांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके दिसले, मासा खडीवर अंग घासत असला, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. एक सूक्ष्म परोपजीवी प्राणी कातडीखालीं घर करतो, पुष्ट झाला कीं गळून तळाशीं पडतो, तेथें त्याचीं शेंकडों पिलें होतात आणि तीं पुनः मासा शोधीत पोहतात. औषध लागू पडतें तें या पोहत्या पिलांस; कातडीखालच्यास नाहीं. म्हणून ठिपके गेले कीं औषध थांबविणारे लोक आठवड्यानें पुनः तक्रार घेऊन येतात. ठिपके गेल्यावरही कांहीं दिवस औषध चालू ठेवावें आणि तळची खडी नळीनें शोषून साफ करावी. परंतु औषध ओतण्यापूर्वीं ठिपके कोठें आहेत तें नीट पाहा. फक्त कल्ल्यांच्या झांकणांवर आणि पुढच्या परांच्या कांठावरच ओळीनें बारीक पांढरे उंचवटे असतील, आणि मासा उत्साहानें दुसऱ्याचा पाठलाग करीत असेल, तर त्यास रोग झालेला नाहीं. तो वयांत आलेला नर आहे. या लग्नाच्या अक्षतांवर औषधाच्या कुप्या रिकाम्या झालेल्या मीं पाहिल्या आहेत.

रंगाचेंही तसेंच. लहानपणीं काळसर असलेला मासा पुढें सोनेरी होतो, तो स्वाभाविक बदल. सोनेरी माशावर एकाएकीं काळे डाग आले तर बहुधा अमोनियानें पोळलेली जागा भरून येत असते; म्हणजे तो डाग मागच्या संकटाचा आहे, आणि तो दिसूं लागला म्हणजे संकट ओसरत आहे असेंही होऊं शकतें. पाणी तपासावें, डागास औषध लावूं नये.

मासा उलटा तरंगतो, किंवा शेपूट वर करून तिरपा राहतो, पण खातो आणि डोळे चलाख आहेत, असें असेल तर दोष वायुकोशाचा. फुगीर पोटाच्या जातींत हें नेहमींचें, कारण सौंदर्यासाठीं माणसानें त्यांचें शरीर इतकें आंखूड केलें आहे कीं आंतडें आणि वायुकोश यांना जागा पुरत नाहीं. कोरडें तरंगतें खाद्य खातांना तो हवाही गिळतो. एक-दोन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला वाटाणा, आणि पुढें बुडणारें किंवा भिजवलेलें खाद्य, एवढ्यानें पुष्कळ मासे सरळ होतात. याउलट सर्व अंगाचे खवले देवदाराच्या बोंडासारखे उभे राहिले असतील तर मूत्रपिंडें निकामी होऊन अंगांत पाणी भरलें आहे; तेथें घरगुती उपायांची आशा थोडी, आणि ती मुलांस स्पष्ट सांगणें मला बरें वाटतें.

मासा पिशवींत घालून दुकानदाराकडे किंवा पशुवैद्याकडे नेण्याची घाई करूं नये. परळास १८८३ सालीं सुरू झालेलें बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचें रुग्णालय आहे. तेथें जखमी मांजर नेतां येतें, कारण मांजराचें दुखणें मांजराबरोबर जातें. माशाचें दुखणें बहुधा घरींच हंडींत राहतें. न्यावयाचेंच असेल तर हंडींतलें पाणी एका स्वच्छ बाटलींत न्या. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच तपासण्याचे थेंब मिळतात; एका संचाचा खर्च दोन-चार माशांच्या किंमतीहून अधिक पडतो, पण तो एकदांच.

आज रात्रीं ज्यांच्या घरीं मासा तळाशीं बसून आहे त्यांनीं खाद्य बंद करावें, हंडींतली कुजकी काडी-दाणे काढावे, आणि क्लोरीन घालविलेलें, हाताला हंडीइतकेंच कोमट लागणारें पाणी घेऊन चौथा हिस्सा पाणी बदलावें. फार जुनें न बदललेलें पाणी असेल तर दहावाच हिस्सा. पाणी वरून धारेनें घालावें किंवा पंप लावावा, आणि उद्यां पुनः तेंच. दोन-तीन दिवसांत पर उघडले, दाण्याकडे वळला, तर पाण्याचाच दोष होता. औषध त्यापूर्वीं नको. कांहीं औषधें उपकारक जंतूंसही मारतात आणि एका रोगाचे दोन होतात.

आणि मासा वांचला तर त्यास त्या गोल हंडींतून काढा. रोम शहराच्या नगरपालिकेनें २००५ सालीं गोल हंडींत मासे ठेवण्यास बंदी केली. आपल्याकडे कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. चाळीस-पन्नास लिटरांची लांबट टांकी खिडकीच्या उन्हापासून दूर, चुलीपासून दूर, भक्कम बाकावर मावते. ती भरली म्हणजे अर्ध्या क्विंटलाचा भार होतो, हें मात्र लांकडी फळीवर ठेवणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें. न वांचला तर हंडी लगेच धुऊन नवा मासा आणूं नका. ठिपक्यांसारखा सांसर्गिक रोग नव्हता अशी खात्री असेल तर खडी न धुतां, पाणी खेळतें ठेवून, रोज खाद्याचे दोन दाणे टाकीत जा, म्हणजे जंतूंची वसती उपाशी मरत नाहीं. पाण्यांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आलेलीं दिसलीं कीं मुलाला घेऊन बाजारांत जा, आणि मासा एकच आणा.